आई माळकरी, बाबांना नाटक, भावाला सिनेमा: घणसोलीहून दोन संध्याकाळी कुठे न्यावं?

घणसोलीची लेक

मंडळी, मदत हवी आहे. कार्तिकी एकादशी उरकली की आई-बाबा फलटणहून माझ्याकडे नवी मुंबईत, घणसोलीला येतायत, धाकटा भाऊही सोबत आहे. शुक्रवारी रात्री पोचतील आणि सोमवारी पहाटे निघतील. म्हणजे शनिवार आणि रविवार, दोन संध्याकाळी माझ्या हातात. नुसतं मॉल दाखवून आणायचं नाहीये मला. काहीतरी छान बघायचं, मग निवांत बसून काहीतरी प्यायचं, गप्पा मारायच्या आणि उशिरा का होईना सुखरूप घरी यायचं, असं मनात आहे.

चौघांच्या आवडी मात्र चार.

आई माळकरी आहे. चातुर्मासात तिचा कांदा-लसूणही बंद असतो. कार्तिकीनंतर तो चालतो, पण ज्या टेबलावर मासे-मटण आलं तिथे ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. जत्रेतला तमाशा आणि कधीमधी दौऱ्यावर आलेलं एखादं नाटक, एवढंच त्यांनी पाहिलंय. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात बसून एक नाटक बघायचंय, असं ते फोनवर म्हणाले. आजवर या माणसाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे हे मला करायचंच आहे. त्यांना साखर आहे, गुडघेही दुखतात. मासे आवडीने खातात आणि कधीतरी एखादी बिअर घेतात. आईला ते ठाऊक आहे, पण तिच्यासमोर घेत नाहीत. भाऊ बावीस वर्षांचा. त्याला सिनेमा हवा आणि 'मुंबईची रात्र' बघायची आहे.

मी इथे नोकरीला आले तेव्हापासून घर ते महापे आणि महापे ते घर, एवढाच रस्ता पायाखालचा. म्हणून विचारते: नाटक ठाण्याला बघावं की वाशीला? नंतर बसायचं कुठे आणि प्यायचं काय, म्हणजे आईलाही वाटेल की आपल्यासाठी काही मागवलं? बाबांच्या माशांचं आणि बिअरचं कसं जमवू? आणि रात्री परत कसं यायचं?

---

नौपाड्याची मावशी

तुला 'तू' म्हणते गं, माझी लेक तुझ्याएवढीच आहे.

नाटक ठाण्याला बघ. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह चांगलं आहे आणि तुला जवळही पडेल. ज्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यांचं नाव त्याला आहे. पण तिथे नाटक सुटलं की माणसं रिक्षा शोधतात आणि पांगतात. गडकरी रंगायतनचं तसं नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर तलावपाळी, डावी-उजवीकडे खाण्यापिण्याची रेलचेल, आणि स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर. तुझ्या बाबांना नाटक बघायचंय म्हणजे नाटकानंतर त्यावर बोलायचंही असणार. त्यासाठी पाय मोकळे करायला जागा लागते, ती इथे आहे. घाणेकर नाट्यगृहसुद्धा मला आवडतं, पण ते पार हिरानंदानी मेडोजला. स्टेशनवरून रिक्षा करावी लागेल, येताना पुन्हा तेच.

रंगायतन १९७८ मध्ये उघडलं तेव्हापासून मी तिथे जाते. मध्यंतरी नूतनीकरणासाठी बराच काळ बंद होतं, तेव्हा आम्हा नौपाडेकरांच्या शनिवार-रविवारांना काही अर्थच उरला नव्हता. आता पुन्हा सुरू झालंय.

शक्यतो दुपारचा प्रयोग घे, साडेचारच्या आसपासचा. रात्री साडेआठचा घेतलास तर सुटेपर्यंत अकरा वाजतात, मग तुझं सगळं लक्ष गाडीच्या वेळेवर आणि बाबांचं तुझ्या चेहऱ्यावर. दुपारचा प्रयोग सात-साडेसातला सुटतो आणि अख्खी संध्याकाळ पुढे उरते. पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात, त्या पाहून ठेव. जमलं तर एखाद्या दिवशी ऑफिसनंतर येऊन खिडकीवर प्लॅन समोर ठेवून तिकीट काढ, म्हणजे खुर्ची कुठली ते डोळ्यांनी दिसतं. बाल्कनी स्वस्त पडते, पण बाबांच्या गुडघ्यांना जिने नकोत. अगदी पुढच्या रांगाही नकोत, मान वर करून बसावं लागतं. मधल्या रांगांत कडेच्या खुर्च्या घे. आणि तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी आत जाऊन बसा. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पडदा, दिवे, हळूहळू भरत जाणारं थिएटर, सगळं बघायचं असतं. त्यात घाई झाली की मजा जाते.

मध्यंतरात बटाटावडा आणि चहा घ्यायचाच. नाटकाच्या तिकिटाइतकाच तो नाटकाचा भाग आहे असं मी मानते.

आईंसाठी: थोडं लवकर निघालात तर तलावाला लागूनच कौपिनेश्वराचं देऊळ आहे. आधी तिथे दर्शन घेऊ दे. एवढं झालं की नाटकात त्यांना फार रस नसला तरी ठाण्याला आल्याचं समाधान त्यांच्या पदरात पडलेलं असेल. वाटेवरच जांभळी नाक्याचा बाजार आहे, फुलं-भाजी बघतच त्या रमतील.

आता पिण्याचं. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण लोक इथे चुकीच्या वेळी चुकीचं पेय मागतात आणि मग म्हणतात ठाण्यात काही मिळत नाही. प्रत्येक पेयाची आपली वेळ असते.

नीरा सकाळची. झाडावरून रात्रभर उतरलेला रस तो. ऊन चढलं की आंबायला लागतो आणि मग त्याची ताडी होते. म्हणून स्टेशनाबाहेर नीरा केंद्र दिसलं तर सकाळीच, गार असतानाच घ्यायची. थंडीत ती जरा जास्त टिकते. संध्याकाळी कोणी 'नीरा' म्हणून दिली तर आईंच्या हातात देऊ नकोस, माळकरी बाईच्या घशाखाली आंबलेला रस जायला नको. बाबांनाही नको, गोड असते.

उसाचा रस दुपारचा. चरकाला बांधलेले घुंगरू वाजतायत आणि ऊस समोर पिळला जातोय अशी रसवंती बघायची. आलं-लिंबू घालून, बिनबर्फाचा मागायचा. बर्फाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०१८ पासून आपल्या राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर दिसला की तो मासे गार ठेवायचा बर्फ, पोटात घालायचा नाही. मी गोळेवाल्याच्या पेटीतसुद्धा डोकावून बघते.

नाटक सुटल्यावरचं पेय म्हणजे पियूष. श्रीखंड, ताक, वेलची, जायफळ आणि केशराची एखादी काडी. चांगलं पियूष घट्ट नसतं, पेल्यातून सहज ओतलं गेलं पाहिजे. जायफळाचा वास आधी यावा, साखर नंतर जाणवावी. बऱ्याच ठिकाणी हल्ली श्रीखंडात पाणी ढवळून देतात. ताकाचा आंबटपणा नसेल तर ते पियूष नाही, असं मी दुकानदारालाही सांगते. गोखले रोड आणि राम मारुती रोडवर मिठाईची आणि दुधाची दुकानं आहेत, तिथे विचार. तुझ्या आईंसाठी हेच मागव. कोणी दाटून आग्रह केल्यासारखं वाटत नाही आणि सणाचं काही प्यायल्यासारखं वाटतं. बाबांना जिरं-हिंग घातलेलं ताक, त्यांच्या साखरेला तेच बरं. भावाला मसाला सोडा दे, गोटीची बाटली मिळाली तर तो फोटोही काढेल.

दोन शब्द खाण्याबद्दल. गजाननचा वडापाव आणि त्याबरोबरची ती पिवळी बेसनाची चटणी, ही ठाण्यात आल्यावर खायचीच. कुंजविहारचा वडा मोठा, दोघांत एक पुरतो. मामलेदारची मिसळ मात्र नाटकाआधी नको. तर्री जबरदस्त असते, दोन तास खुर्चीत बसायचंय. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या भुकेला ठेव.

हे सगळं झालं की तलावाच्या कठड्याला टेकून बसा. बोटी फिरत असतात, लहान मुलं हट्ट करत असतात. थंडी पडली असेल तर कढईत दूध आटवणारा कोणीतरी सापडेल. सायीसकट मसाला दूध, हे रात्रीचं शेवटचं पेय. त्यानंतर काही घ्यायचं नाही, चव तोंडात राहू द्यायची.

आणि भावाने येऊरला रात्री जाऊ म्हटलं तर ऐकू नकोस. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर. तिथे रात्री गाड्या आणि डीजे नेणं मला अजिबात पटत नाही. येऊर पहाटे बघावं.

---

कोपरखैरणे गाववाला

ताई, मावशींनी ठाणं सांगितलं, मी आमच्या बाजूचं सांगतो. मी आगरी, जन्म इथलाच.

तुमच्या बाबांना मासे आवडतात तर रविवारी दुपारी आगरी खानावळीत न्या. संध्याकाळी नको, दुपारीच. सकाळचं म्हावरं दुपारी ताटात आलं पाहिजे, रात्रीपर्यंत त्याचा नूर जातो. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेली मांदेली किंवा बोंबील. खानावळ कुठली ते नाव घेऊन सांगत नाही, कारण घराघरातून चालणाऱ्या पुष्कळ आहेत. घणसोली गाव, कोपरखैरणे, दिवाळे, कुठल्याही गावात शिरा आणि दुपारी बाराला जिथे रिक्षावाले बसलेत तिथे बसा.

तिथे सोलकढी प्यायला सांगा बाबांना. घाटावर चांगली मिळत नाही. सोलकढी पारखायची तर आधी रंग बघा. खरी सोलकढी फिकट गुलाबी, जरा जांभळट झाक असलेली. भडक गुलाबी असेल तर बीट नाहीतर रंग टाकलाय. नारळाचं दूध ताजं काढून त्यात कोकमाचं आगळ, वरून लसूण-मिरची-कोथिंबीर ठेचून. करून ठेवली की काही तासांत दूध वर आणि पाणी खाली होतं. पेल्यात दोन थर दिसले तर ती जुनी, परत पाठवा. हक्काने पाठवा, कोणी रागावत नाही. आमची आजी फ्रिजातल्या सोलकढीला हात लावायची नाही.

तुमच्या आईंना मात्र ती खानावळ नकोच. मन मारून बसतील, कोणाचंच जेवण गोड लागणार नाही. त्यापेक्षा त्या दुपारी तुम्ही आणि आई नेरूळच्या बालाजी मंदिरात जा, टेकडीवर आहे, प्रशस्त आहे. नाहीतर खारघरचं नवीन इस्कॉन मंदिर, जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं. बाबा आणि भाऊ खानावळीत. आईंसाठी घरी अमृत कोकमची बाटली आणून ठेवा. पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, झालं सरबत. त्यात लसूण नाही, माशांच्या भांड्याचा संबंध नाही, आणि आपल्या हाताने दिलेलं. त्यांना ते कुठल्याही हॉटेलातल्यापेक्षा आवडेल, हे मी खात्रीने सांगतो.

बिअरचं म्हणाल तर हेच दुपारचं गणित वापरा. चांगल्या परमिट रूममध्ये फॅमिली सेक्शन असतो, तिथे दोघं बसतील. एक बिअर, बरोबर शेंगदाणे आणि चणे, भरपूर पाणी, आणि मग जेवायला. साखरेचं औषध चालू आहे तर उपाशीपोटी घेऊ देऊ नका. भाऊ बावीसचा म्हणजे त्याला कायद्याने बिअर आणि वाईन चालते, त्यांना २१ वर्षं लागतात. व्हिस्की-रम वगैरे कडक दारूला आपल्याकडे २५ पूर्ण हवीत. पुण्या-मुंबईत सगळेच पितात म्हणून तो ऐकणार नाही, पण सांगा. पिणाऱ्याकडे परवाना असावा असाही कायदा आहे, १९४९ पासूनचा. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो, मागा. मी मागतो.

ताडी प्यायची असं भाऊ म्हणेल, इंटरनेटवर बघून येतात पोरं. झाडावरून आत्ता उतरवलेली ताडी आमच्या घरची गोष्ट होती, माडाखाली बसून प्यायची. आता झाडं गेली, इमारती आल्या. दुकानातल्या ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन मिसळल्याच्या बातम्या येतात, त्याने माणसं दगावलीत. ओळखीचा माणूस आणि समोरचं झाड नसेल तर एक थेंबही नको. यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

रविवारी संध्याकाळी मग सगळे एकत्र, वाशीच्या सागर विहारला. खाडीचा वारा, समोर वाशीचा पूल, आणि भेळ. भावाला मुंबईची रात्र बघायची आहे तर पलीकडचे दिवे तिथून दाखवा.

---

सीवूड्सचा प्रेक्षक

नाटक आणि मासे झाले, सिनेमा राहिला. मराठी सिनेमा थिएटरातच बघतो, शक्यतो पहिल्या आठवड्यात.

रविवारी सकाळी-दुपारी बाबा आणि भाऊ मोकळे नसतील, म्हणून सिनेमा शनिवारी रात्री ठेवा असं म्हणणार होतो, पण मावशींचं नाटक शनिवारी आहे. दोन्ही एका दिवशी करू नका. बाबांच्या डोक्यात नाटक राहू द्या. सिनेमा रविवारी, खानावळीनंतर थोडी झोप काढून.

जागा सीवूड्स. कारण एकच, मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे. घणसोलीहून ठाणे-पनवेल लोकल पकडलीत तर थेट सीवूड्सला उतरता, रस्ता ओलांडायचा नाही, रिक्षा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं थिएटर नवी मुंबईत नाही. वाशीला स्टेशनजवळचे मॉलही चांगले आहेत, पण घणसोलीहून त्या दिवशी थेट वाशीची गाडी बघून निघावं लागेल.

मराठी सिनेमाचा खेळ निवडताना वेळ बघा. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइमचा खेळ द्यायचं ठरवलं होतं. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग ते दुपारी १२ ते रात्री ९ असं सैल झालं. तेव्हापासून दुपारी सव्वाबाराचाही खेळ नियमात बसतो. म्हणून चांगला मराठी सिनेमा नोकरदार माणसाला बघताच येत नाही अशा वेळी लागलेला दिसतो, हॉल रिकामा राहतो, आणि पुढच्या शुक्रवारी 'प्रतिसाद नाही' म्हणून काढून टाकतात. मला याचा खरंच त्रास होतो. सिनेमा वाईट म्हणून पडला तर पडो, पण बघायला येताच आलं नाही म्हणून पडू नये. रविवारी संध्याकाळी सहा-सातचा मराठी खेळ दिसला तर तुम्ही चार तिकिटं काढा, तेवढाच त्या सिनेमाला हात. आईंनाही हिंदी-इंग्रजी मारामारीपेक्षा ते बरं वाटेल.

पाण्याचं लक्षात ठेवा. बाहेरचं खाणं आत न्यायला थिएटर मनाई करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसंच सांगितलंय. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे हेही आहे. बाबांना गोळी घ्यायची असेल तर काउंटरवर बाटली विकत घेऊ नका, पाण्याची सोय कुठे ते विचारा. एका थिएटरात मला 'फिल्टर बंद आहे, बाटली घ्या' असं सांगितलं होतं. मी व्यवस्थापकाला बोलावलं आणि पाच मिनिटांत पेले आले. आवाज न चढवता विचारायचं, मिळतं.

साखर असलेल्या माणसाला मध्यंतरातलं कोल्ड्रिंक आणि कॅरॅमल पॉपकॉर्न दोन्ही नको. साधं खारं पॉपकॉर्न घ्या. आईंना काही घ्यावंसं वाटणार नाही, बळजबरी करू नका. खेळ सुटल्यावर बाहेर चांगला चहा घ्या, आल्याचा.

---

घणसोलीची लेक

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंय, काय बोलू कळत नाही. आईला फोन केला. मावशींचं पियूष सांगितल्यावर म्हणाली, 'जायफळ घालतात ना, मग घेईन.' आणि कोपरखैरणेकर, बालाजी म्हटल्यावर लगेच तयार झाली, वर म्हणाली, 'तुझ्या बाबांना कुठे जायचं ते जाऊ दे तेवढ्या वेळात.' म्हणजे तिने ओळखलंच.

शनिवारी दुपारी देऊळ आणि साडेचारचं नाटक. रविवारी दुपारी बालाजी आणि खानावळ, संध्याकाळी सीवूड्सला सिनेमा. सागर विहारला वेळ मिळेल असं वाटत नाही, भावाला पुढच्या खेपेला.

मावशी, आता दोन गोष्टी सांगा. शनिवारी मसाला दूध घेऊन निघेपर्यंत साडेनऊ-दहा होतील. परत कसं यायचं? आणि बाबांना नाटक कुठलं दाखवू, विनोदी की गंभीर? ते तमाशाच्या वगात रमणारे आहेत.

---

नौपाड्याची मावशी

परतीचं सोपं आहे. दहापर्यंत निघालात तर ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकलच बरी. ठाण्याला ती ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटते. तलावपाळीकडून स्टेशनात शिरलात की ते फलाट पार पलीकडे आहेत, पूल चढून जावं लागतं, म्हणून बाबांच्या चालीने वेळ धर आणि शेवटच्या गाडीवर कधी विसंबू नकोस. दिघा गाव, ऐरोली, रबाळे आणि मग तुझं घणसोली. रविवारी मात्र दुपारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, कुठल्या मार्गावर आहे ते बघ, ट्रान्स-हार्बरवरही असतो कधी कधी.

गाडी चुकली तर कळवा-विटावा-ऐरोली रस्त्याने रिक्षा. पहिल्या टप्प्याला २६ रुपये, पुढे मीटरने. रात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पाव भाग जास्त द्यावा लागतो, तो नियमच आहे, तेवढ्यासाठी रिक्षावाल्याशी भांडू नका. मीटर टाकायला मात्र बसण्याआधीच सांगायचं. चौघं आहात, एका रिक्षात तिघंच. त्यापेक्षा टॅक्सी मागवा.

नाटकाचं म्हणशील तर विनोदीच घे असं सगळे सांगतील. मी तसं सांगणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडत हजारो लोकांची सुखदुःखं ऐकली, त्याला गंभीर नाटक जड जाईल असं समजू नकोस. वगात रमतात म्हणजे त्यांना संवादाचा कान आहे, सवाल-जवाब कळतात. तेव्हा विषय कुठलाही असो, बोलणं ज्यात खणखणीत आहे आणि नट आवाज लावून बोलतात असं नाटक निवड. दोनच पात्रं आणि सगळा अर्थ न बोललेल्यात, असलं पहिल्याच वेळी नको. चार-पाच चांगले नट, घरातली गोष्ट, दोन अंकी. जाहिरातीत संगीत नाटक दिसलं तर दुसरा विचारच करू नकोस, पेटीचा सूर लागला की बाबा आपोआप पुढे सरकून बसतील आणि आईही नाटकात येतील.

एक राहिलं. कंडक्टर होते म्हणालीस, तर नौपाड्यातून वंदनाच्या एसटी डेपोकडे एक चक्कर मार. त्या डेपोतून पुण्याकडच्या गाड्या सुटतात. कोणीतरी जुन्या ओळखीचं निघालं तर पियूषाला उशीर होईल, पण होऊ दे. आणि तिकीट काढायला येशील तेव्हा मला इथे निरोप टाक, मी खिडकीपाशी येते. कुठल्या रांगेतून बाबांना नीट दिसेल ते दाखवते.